फारोख, फ्रेडी आणि बार्सिलोना

फ्रेडी मर्क्युरी म्हटलं की आपल्या हॉस्टेलमध्ये बहुतेकांना मिशी, पिवळं जॅकेट आणि माईकचा अर्धाच दांडा धरून उभा असलेला माणूस आठवतो. इंटरब्रँच क्रिकेटच्या फायनलला दोनदा पाय आपटून एक टाळी वाजवतात ना, ती क्वीन बँडचीच देणगी. (ते गाणं मात्र फ्रेडीचं नाही, गिटारवाल्या ब्रायन मेचं आहे, १९७७ चं.) २०१८ चा सिनेमा तर कित्येकांनी लॅपटॉपवर दोन-दोनदा पाहिला. पण हा माणूस आपल्या महाराष्ट्रातल्या एका हॉस्टेलमध्ये जवळजवळ आठ वर्षं राहिला, तिथल्या मेसमध्ये जेवला आणि त्याचा पहिला बँड तिथेच झाला, असं सांगितलं की अजूनही समोरचा मला म्हणतो, काहीही फेकू नकोस बाप्पा.

तर मित्रांनो, फेकत नाहीये. आणि मला सिनेमातला फ्रेडी सांगायचाही नाही. मला सांगायचाय तो पाचगणीचा मुलगा, आणि त्यानंतर एकदम तीस वर्षं पुढे जाऊन, त्याने एका स्पॅनिश बाईंसोबत केलेला 'बार्सिलोना' नावाचा अल्बम. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काय संबंध, असं तुम्ही विचाराल. मला संबंध दिसतो. तुम्हाला दिसतो का बघा.

फ्रेडीचं खरं नाव फारोख बुलसारा. जन्म ५ सप्टेंबर १९४६, आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्याजवळच्या झांझिबार बेटावर. घर पारशी. बुलसारा हे आडनाव गावावरून पडलेलं, गुजरातमधलं बुलसार म्हणजे आजचं वलसाड. आपल्याकडे आर्वीकर, पुलगावकर असतात तसंच. वडील बोमी तिथल्या ब्रिटिश सरकारच्या कचेरीत कॅशियर होते, आई जेर, आणि फारोखपेक्षा सहा वर्षांनी लहान बहीण काश्मिरा. म्हणजे बघा, धर्म इराणचा, भाषा गुजराती, सरकार इंग्रजांचं, वर सुलतान, आणि हवेत लवंगेचा वास. एवढं सगळं एकाच घरात.

आठ वर्षांचा असताना, १९५५ च्या सुमारास, आईवडिलांनी त्याला शिकायला भारतात पाठवलं. समुद्रातून बोटीने मुंबई आणि तिथून घाट चढून पाचगणी. सातारा जिल्ह्यातलं हे थंड हवेचं गाव बोर्डिंग शाळांसाठी प्रसिद्ध आहे, त्यातली सेंट पीटर्स ही इंग्रजी पद्धतीची मुलांची शाळा. आठ वर्षांचा! मी अठराव्या वर्षी हॉस्टेलला आले तरी पहिले पंधरा दिवस उशीत तोंड खुपसून रडले आणि माझं घर तर याच जिल्ह्यात, एसटीने दीड तासावर. त्याचं घर समुद्रापलीकडे. सुट्ट्या लागल्या की मुलं घरी जायची आणि हा बऱ्याचदा मुंबईला आजी आणि आंटीकडे. या काळाबद्दल मोठेपणी त्याने फारसं काही सांगितलं नाही. त्याच्याबद्दल लिहिणारे लोक पाचगणीवर एक पान घालवतात आणि लगेच लंडनला जातात, ते मला कधीच पटलं नाही. आठ ते सोळा हे वय माणूस घडायचं वय असतं.

पाचगणीत त्याचं फारोख नाव गेलं. मुलं फ्रेडी म्हणायला लागली आणि पुढे घरचेही तेच म्हणू लागले. दुसरं नाव होतं बकी, कारण त्याचे पुढचे दात. त्याला जबड्यात मागे चार जास्तीचे दात होते, त्यामुळे पुढचे बाहेर ढकलले गेले होते. हॉस्टेलमध्ये असं नाव पडलं की ते पास आऊट होईपर्यंत सुटत नाही, हे आपल्याला काही वेगळं सांगायला नको. तो बोलताना, हसताना ओठांनी किंवा हाताने दात झाकायचा आणि ही सवय जगप्रसिद्ध झाल्यावरही गेली नाही. पैसा आला, लंडनचा कुठलाही डेंटिस्ट परवडला असता, पण त्याने दात काढले नाहीत. आवाज बदलेल अशी त्याला भीती वाटायची.

शाळेत तो बॉक्सिंग खेळला, टेबल टेनिसमध्ये चॅम्पियन झाला, बारा वर्षांचा असताना ज्युनिअर ऑलराउंडरची ट्रॉफी मिळवली. चित्रकलेत हुशार होता. पण खरी गोष्ट पियानोची. रेडिओवर एकदा गाणं ऐकलं की हा पियानोवर बसून ते जसंच्या तसं वाजवायचा, असं त्याच्या वर्गातली मुलं पुढे सांगत. शाळेने घरी कळवलं की मुलाला संगीताचं अंग आहे, थोडी जादा फी भरून शिकवा. आईवडिलांनी ती भरली. तो चौथ्या ग्रेडपर्यंत पोहोचला, शाळेच्या क्वायरमध्ये गायला. मी स्वतः कॉन्व्हेंटची, आमच्याकडेही क्वायर होता आणि मी दुसऱ्या ओळीत उभी राहून अल्टो गायचे. म्हणून सांगते, चार-चार आवाजांचे थर एकमेकांवर बसवायचं कानाला जे वळण लागतं ना, ते लहानपणीच लागतं. क्वीनच्या गाण्यात मागे जो आवाजांचा डोंगर उभा राहतो तो ऐकताना मला नेहमी प्रार्थनेच्या बाकांचा वास येतो.

१९५८ मध्ये शाळेतल्या पाच जणांनी बँड काढला, नाव ठेवलं 'द हेक्टिक्स'. क्लिफ रिचर्ड, लिटल रिचर्ड यांची गाणी वाजवायची, शाळेच्या कार्यक्रमात आणि डान्सला. गंमत म्हणजे फ्रेडी यात मुख्य गायक नव्हता. तो मागे पियानोवर! त्या पाचातला एक, डेरिक ब्रांच, पुढे इंग्लंडमध्ये नट झाला. दुसरा, व्हिक्टरी राणा, नेपाळच्या सैन्यात जनरल झाला आणि १९९९ ते २००१ या काळात सायप्रसमधल्या युनोच्या शांतिसेनेचा प्रमुख होता. गॅदरिंगच्या बँडमधून एवढी माणसं निघाली! आपल्या गॅदरिंगच्या बँडमधले सगळे कॅम्पसमध्ये जातात.

१९६३ मध्ये तो झांझिबारला परत गेला. घरी पोहोचला आणि वर्षभरात घरच गेलं. डिसेंबर १९६३ मध्ये इंग्रज गेले आणि १२ जानेवारी १९६४ ला तिथे क्रांती झाली. सुलतान पळाला, हजारो अरब आणि भारतीय मारले गेले. बुलसारा कुटुंब हाताला लागेल तेवढं सामान घेऊन इंग्लंडला निघालं आणि हीथ्रो विमानतळाजवळच्या फेल्टममध्ये साध्याशा घरात राहायला लागलं. फ्रेडी तेव्हा सतरा वर्षांचा.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे, म्हणून भराभर सांगते. ईलिंगच्या कॉलेजमधून १९६९ मध्ये ग्राफिक आर्टचा डिप्लोमा. काही दिवस विमानतळावर सामान उचलायचं काम, केन्सिंग्टन मार्केटमध्ये जुन्या कपड्यांचा स्टॉल. १९७० मध्ये क्वीन. बँडचं बोधचिन्ह फ्रेडीनेच काढलं, चौघांच्या राशी त्यात घालून. आणि याच सुमारास त्याने बुलसारा आडनाव सोडून कायद्याने मर्क्युरी हे नाव घेतलं.

आपल्या ब्रँचसाठी एक मुद्दाम सांगण्यासारखी गोष्ट. बेस गिटार वाजवणारा जॉन डीकन हा १९७१ चा इलेक्ट्रॉनिक्सचा पदवीधर, तोही फर्स्ट क्लास. कचऱ्याच्या डब्यात सापडलेल्या सर्किट बोर्डपासून त्याने एक छोटा अॅम्प्लिफायर बनवला आणि तो क्वीनच्या रेकॉर्डिंगमध्ये वर्षानुवर्षं वापरला. ब्रायन मेने वडिलांसोबत घरी गिटार बनवली, तिच्या दांड्याचं लाकूड जुन्या फायरप्लेसचं. हा फिजिक्सचा विद्यार्थी, बँडपायी पीएचडी अर्धी सोडली आणि २००७ मध्ये, साठी गाठल्यावर, पूर्ण केली. (सबमिशन लेट झालं म्हणून रडणाऱ्यांनी नोंद घ्यावी.) १९७५ मध्ये 'बोहेमियन रॅप्सडी' रेकॉर्ड करताना चोवीस ट्रॅकची टेप होती आणि आवाज तर त्याहून कितीतरी जास्त हवे होते. मग गायलेले ट्रॅक एकत्र करून दुसऱ्या ट्रॅकवर उतरवायचे, मोकळ्या झालेल्या जागेत परत गायचं. असं इतक्या वेळा केलं की टेपवरचा थर घासून ती आरपार दिसायला लागली. गाणं ५ मिनिटं ५५ सेकंदांचं. एवढं लांब रेडिओवर कोण लावणार, असं कंपनीवाले म्हणत होते. ते इंग्लंडमध्ये नऊ आठवडे पहिल्या नंबरवर राहिलं.

आता नावाबद्दल. आपल्याकडे फ्रेडीचा विषय निघाला की दोन गट पडतात. एक म्हणतो, बघा, आपला माणूस! दुसरा म्हणतो, कसला आपला, त्याने तर सगळं लपवलं. हे खरंच आहे की मुलाखतींमध्ये तो झांझिबार, पाचगणी, पारशीपण हे विषय टाळायचा. पण १९६० नंतरचं इंग्लंड कसं होतं तेही बघा. १९६८ मध्ये इनॉक पॉवेलचं ते भाषण झालं, आशियाई पोरांना रस्त्यात शिव्या आणि मार बसत होता. अशा वेळी रॉक बँडचा गायक व्हायला निघालेल्या मुलाने आपलं आडनाव पोस्टरवर लावलं नाही, यावर इथे पंख्याखाली बसून निकाल देणं मला जमत नाही. आणि नाव बदलणं आपल्या वर्धा जिल्ह्याला काही नवीन नाही. इंग्लंडच्या आरमारी अधिकाऱ्याची मुलगी मॅडेलीन स्लेड इथे येऊन मीराबेन झाली, बापू येण्याआधी सेगावला झोपडीत राहिली. तिला आपण कधी विचारलं नाही की तू तुझं नाव का टाकलंस. ती बीथोवेनची वेडी होती आणि म्हातारपणी ऑस्ट्रियात व्हिएन्नाजवळ, त्याच्या मुलखात जाऊन राहिली. माणूस कोणत्या घरातून निघेल आणि कोणत्या घरात मनाने राहील, त्याचा हिशोब आडनावावरून लागत नाही असं मला वाटतं.

आणि म्हणूनच 'बार्सिलोना'.

मोन्सेरात काबाये या बार्सिलोनाच्या. जन्म १९३३, तिसऱ्या वर्षी स्पेनमध्ये यादवी युद्ध सुरू झालं, लहानपण गरिबीत गेलं. पण त्याच गावात त्या संगीत शिकल्या आणि जगातल्या सगळ्यात मोठ्या ऑपेरा गायिकांपैकी एक झाल्या. १९८३ मध्ये लंडनला ऑपेरा बघायला फ्रेडी गेला होता तो पावारोत्तीला ऐकायला. काबाये गायला लागल्या आणि हा पावारोत्तीला विसरला. नंतर ऑगस्ट १९८६ मध्ये क्वीन स्पेनच्या दौऱ्यावर असताना त्याने टीव्हीवर सांगून टाकलं की त्याला भेटायचं आहे ते या बाईंना. मार्च १९८७ मध्ये बार्सिलोनाच्या रिट्झ हॉटेलमध्ये भेट झाली. जगभर लाखालाखाच्या गर्दीसमोर गाणारा हा माणूस त्या दिवशी परीक्षेला बसल्यासारखा घाबरला होता म्हणतात. सोबत टेप नेली होती, तिच्यात बाईंच्या पट्टीत स्वतःच खोट्या आवाजात गायलेला होता. काही दिवसांनी त्या लंडनला आल्या, कार्यक्रम झाल्यावर फ्रेडीच्या घरी जेवायला गेल्या आणि पियानोभोवती पहाटेपर्यंत गात बसल्या.

बाईंनी सुचवलं की माझ्या गावावर एक गाणं कर. बार्सिलोनाला १९९२ चं ऑलिम्पिक मिळाल्याचं ऑक्टोबर १९८६ मध्ये जाहीर झालं होतं. एका गाण्याचा अल्बम झाला. माईक मोरान हा संगीतकार सोबतीला. बाईंच्या तारखा दोन-तीन वर्षं आधीच ठरलेल्या, म्हणून फ्रेडी सगळं तयार करून, त्यांच्या ओळी स्वतः गाऊन टेप पाठवायचा, आणि त्या मध्येच येऊन स्टुडिओत आपला भाग गाऊन जायच्या. अल्बम ऑक्टोबर १९८८ मध्ये आला. मी खरं सांगते, पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला ऑर्केस्ट्रा पातळ वाटला. तो बराचसा सिंथेसायझरवर केलेला होता. २०१२ मध्ये खऱ्या ऑर्केस्ट्रासोबत तो परत काढला, तो ऐका, आणि तोही मोबाईलच्या स्पीकरवर नको, कुणाचे तरी चांगले हेडफोन मागून घ्या.

यात 'एन्सुएन्यो' नावाचं गाणं आहे, पूर्ण स्पॅनिशमध्ये. शब्द काबायेंचे. बाईंनी त्याला त्याच्या खालच्या, खऱ्या आवाजात गायला लावलं. २०१६ मध्ये काही युरोपियन संशोधकांनी त्याच्या रेकॉर्डिंगचं विश्लेषण केलं होतं. त्यांच्या मते बोलताना तो बॅरिटोन होता, म्हणजे आवाज मुळात खालचा. लोक त्याला टेनर समजतात, कारण तो गायचा वर. त्याच्या सुरातली थरथर सेकंदाला साधारण सात वेळा, म्हणजे ७ हर्ट्झ, आणि बहुतेक गायकांपेक्षा वेगवान. सिग्नल प्रोसेसिंगवाल्यांनी हा पेपर सेमिनारला घ्यायला हरकत नाही. पण 'एन्सुएन्यो'मध्ये तो वेग, ती उडी काही नाही. एक माणूस हळू गातोय, बस.

आता माझा मुद्दा. क्वीनच्या गाण्यांत जपानी शब्द आहेत, स्पॅनिश आहेत, 'मुस्तफा' नावाच्या गाण्यात अरबीसारखं काहीतरी आहे. गुजराती गाणं मात्र एकही नाही. स्वतःचं गाव म्हणावं असं त्याच्याकडे एक उरलंच नव्हतं. वलसाड आडनावापुरतं, झांझिबार रक्ताने माखून सुटलेलं, पाचगणी शाळेपुरतं, फेल्टम तर त्याला कधी आवडलंच नाही. आणि मग चाळिशीत तो एका बाईंना भेटतो ज्यांचं गाव, भाषा, देव, रस्ते सगळं एका जागी आहे, आणि तो त्यांच्या गावाचं गाणं लिहितो. असं गाणं की आज बार्सिलोनाचे लोक ते आपलं समजतात. दुसऱ्याच्या गावाचं गाणं लिहायला कुणी इतका जीव ओतत नाही, मनात आपलं काहीतरी असल्याशिवाय. हे माझं मत आहे. आमच्या मजल्यावर यावरून भांडण झालेलं आहे आणि ते मिटलेलं नाही.

आणि घाई होती. १९८७ मध्येच, म्हणजे हा अल्बम सुरू होता त्याच वर्षी, त्याला एचआयव्ही असल्याचं निदान झालं. एड्सवरचं पहिलं औषध नुकतंच, मार्च १९८७ मध्ये, मंजूर झालं होतं आणि ते पुरं पडत नव्हतं. तीन औषधं एकत्र देण्याची पद्धत, जिच्यामुळे आज लोक रोजच्या गोळीवर नोकरी-संसार करत म्हातारे होतात, ती १९९६ मध्ये आली. त्याला ती मिळाली नाही. पुरुषावर प्रेम करणारा आणि त्यातून एड्स झालेला, म्हणून वर्तमानपत्रं त्याच्या दारात कॅमेरे लावून बसायची. ८ ऑक्टोबर १९८८ ला बार्सिलोनात, सोलहून ऑलिम्पिकचा झेंडा आला त्या सोहळ्यात, स्पेनच्या राजा-राणीसमोर तो काबायेंसोबत उभा राहिला. घशाने साथ दिली नाही म्हणून गाणं टेपवर लावलं होतं आणि दोघांनी नुसते ओठ हलवले. मोठ्या स्टेजवरचा त्याचा तो शेवटचा कार्यक्रम.

तरी तो थांबला नाही. १९९१ मध्ये 'इन्युएंडो' आला, त्याच्या पहिल्याच गाण्यात मध्येच स्पॅनिश फ्लॅमेन्को गिटार येते. चालता येत नव्हतं तरी तो स्टुडिओत यायचा, ब्रायनला गाणी संपवायची घाई करायचा. २३ नोव्हेंबर १९९१ ला त्याने आपल्याला एड्स असल्याचं जाहीर केलं आणि दुसऱ्या दिवशी, २४ तारखेला, तो गेला. वय ४५.

आठ महिन्यांनी ऑलिम्पिक झालं. 'बार्सिलोना' १९९२ च्या उन्हाळ्यात इंग्लंडमध्ये दुसऱ्या नंबरपर्यंत गेलं. पहिल्या वेळी, १९८७ मध्ये, ते आठव्यावर थांबलं होतं. काबाये २०१८ मध्ये, पंचाऐंशी वर्षांच्या होऊन गेल्या.

त्याचे आईवडील शेवटपर्यंत धर्म पाळणारे होते. २७ नोव्हेंबर १९९१ ला पश्चिम लंडनच्या स्मशानभूमीत त्याचा अंत्यविधी झाला, तो पांढऱ्या कपड्यातल्या पारशी धर्मगुरूंनी केला. अवेस्ताच्या जुन्या भाषेतल्या प्रार्थना म्हटल्या गेल्या, ज्या लहानपणी नवजोतच्या वेळी त्याच्यासाठी म्हटल्या गेल्या असतील. आजूबाजूला उभ्या असलेल्या रॉकवाल्यांना त्यातला एक शब्दही कळला नसणार. आणि मग तिथे काबायेंचा आवाज लावला, व्हेर्दीच्या 'इल त्रोवातोरे' या ऑपेरातला. त्या ऑपेराची गोष्ट स्पेनमध्ये घडते.